जुळाऱ्याची लेक

माझ्या टेबलावर वडिलांची स्टिक आहे. वीतभर लांबीची, तीन बाजूंनी बंद अशी लोखंडी पट्टी. डाव्या तळहातात ती धरायची, उजव्या हाताने केसमधला, म्हणजे कप्प्यांच्या पेटीतला, खिळा म्हणजे धातूचं अक्षर उचलायचा आणि ओळ भरेपर्यंत डाव्या अंगठ्याने दाबून ठेवायचा. पुण्यातल्या एका छापखान्यात वडिलांनी छत्तीस वर्षं हेच काम केलं. छापखाना बंद झाला तेव्हा टाइप वजनावर मोडीत गेला, आणि वडील ही स्टिक तेवढी घेऊन घरी आले. शाळेत कुणी विचारलं, तर मी ‘बाबा प्रेसमध्ये असतात’ एवढंच सांगायचे. ऐकणाऱ्याला ते पत्रकार वाटले तरी मी चूक दुरुस्त करत नसे. ती लाज माझ्या मनातून काढणारी बाई मला सातासमुद्रापलीकडे भेटली.

यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावी राहायला गेलो. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. दिवस खायला उठायचे. एके दुपारी घुमट असलेल्या एका इमारतीत शिरले. ती अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी होती. आयझाया थॉमस या मुद्रकाने १८१२ मध्ये स्थापन केलेला हा ग्रंथसंग्रह. अमेरिकेत सुरुवातीच्या काळात छापलेली पुस्तकं, पंचांगं, वर्तमानपत्रं, एकपानी गाणी, सगळं तिथे जपलं आहे. थॉमसचं जुनं, हाताने चालवायचं छापयंत्रही तिथे ठेवलं होतं. मी त्याच्यापाशी बराच वेळ रेंगाळले असणार, कारण पांढऱ्या केसांच्या एक बाई जवळ येऊन म्हणाल्या, “तुम्ही याच्याकडे ओळखीच्या माणसाकडे बघावं तशा बघताय.”

“माझे वडील खिळे जुळवायचे,” मी म्हणाले. परक्या भाषेत ते सांगणं सोपं गेलं.

“मग मला जे दिसत नाही ते तुम्हाला दिसेल,” त्या म्हणाल्या. “पुढच्या आठवड्यात या.”

त्या सोसायटीत बाईंचं आयुष्य जुन्या पुस्तकांच्या नोंदी करण्यात गेलं होतं. पुढची तीन वर्षं त्यांनी मला वाचायला शिकवलं. कविता मी आधीही वाचत होते. कविता ज्या कागदावर उभी आहे तो कागद वाचायला त्यांनी शिकवलं. चिंध्यांपासून केलेला तो जाड कागद खिडकीकडे तिरपा धरायचा. पाठच्या बाजूला खिळ्यांचे उठाव दिसतात. कुठे दाब जास्त पडला, कुठला खिळा झिजलेला आहे, कुठे एखादं अक्षर पालथं बसलंय, हे उजेडाची तिरीप सांगते.

पहिल्यांदा त्यांनी समोर ठेवले ते गाण्यांचे बांधीव खंड. म्हातारपणाकडे झुकलेल्या थॉमसने बोस्टनच्या छापखान्यातून रस्त्यावर विकली जाणारी तीनशेहून अधिक एकपानी गाणी विकत घेतली आणि १८१४ मध्ये तीन खंडांत बांधून संग्रहाला दिली. समुद्रावरच्या लढाया, फाशी गेलेले गुन्हेगार, प्रेमात फसलेल्या मुली, खलाशांचे निरोप. बहुतेकांवर कवीचं नाव नाही. विद्वानांना हा कचरा वाटावा असा काळ होता तो. पण थॉमस स्वतः सहा-सात वर्षांचा असताना छापखान्यात उमेदवारीला लागला होता, आणि धड वाचताही येत नसताना बाकावर उभा राहून त्याने जुळवलेला पहिला मजकूर असंच एक गाणं होतं. ते ऐकून मला रडू आलं. माझे वडीलही नवव्या वर्षी केसपुढे खोक्यावर उभे राहिले होते.

मग बाईंनी ‘बे साम बुक’ची छायाप्रत काढली. मूळ पुस्तक १६४० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्याच केंब्रिजला छापलं गेलं. हिब्रू स्तोत्रांचे वसाहतीतल्या धर्मोपदेशकांनी इंग्रजीत केलेले पद्यानुवाद. त्या छापखान्यातून आधी एक शपथपत्र आणि एक पंचांग निघालं होतं, पण त्यांची एकही प्रत उरली नाही. त्यामुळे आजच्या अमेरिकेच्या भूमीवर छापलेलं, हाती असलेलं सर्वांत जुनं पुस्तक कवितेचं आहे. छापखान्याचे मालक ग्लोव्हर इंग्लंडहून येताना जहाजावरच वारले. त्यांच्या विधवेने यंत्र उतरवून घेतलं. छापखाना चालवणारा स्टीफन डे मुळात कुलपं करणारा कारागीर. सतराशे प्रती निघाल्या, आज अकरा शिल्लक आहेत. २०१३ मध्ये त्यांतली एक प्रत एक कोटी चाळीस लाख डॉलरच्या वर विकली गेली. पण बाईंनी किंमत सांगितली नाही. त्यांनी फक्त पानांच्या माथ्यावर बोट ठेवलं. डाव्या पानावर ‘साम’ हा शब्द एका स्पेलिंगने होता, उजव्या पानावर शेवटी एक जादा ‘ई’.

“हे असं का?” त्यांनी विचारलं.

मी वडिलांना पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी निळं अंतर्देशीय नव्हे, पण तसंच पातळ हवाईपत्र आलं. वडिलांनी लिहिलं होतं, ‘पानाच्या माथ्यावरची ओळ दर फर्म्याला नव्याने जुळवत नाहीत. मॅटर सोडलं तरी ती तशीच बांधून ठेवतात आणि पुढच्या फर्म्याला लावतात. एकदा बसलेली चूक शेवटपर्यंत चालते. त्या माणसाला नावं ठेवू नका. त्याच्याकडे खिळे कमी असतील आणि वेळही.’

मी ते बाईंना इंग्रजीत सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मी चाळीस वर्षं हे पुस्तक पाहते आहे. त्या माणसाची बाजू घेणारं पहिलंच पत्र आज ऐकलं.”

बाईंनी मला आणखी एक माणूस दाखवला. जेम्स प्रिंटर. वूस्टरजवळच्या ग्राफ्टनचा, निपमक जमातीचा. १६५९ मध्ये तो केंब्रिजच्या छापखान्यात उमेदवार झाला. जॉन एलियटने स्थानिक भाषेत केलेलं बायबल १६६३ मध्ये निघालं, त्यात त्याचे हात होते. १७०९ मध्ये मूळ रहिवाशांच्या भाषेतली स्तोत्रं बोस्टनला छापली गेली, तेव्हा मुखपृष्ठावर मुद्रक म्हणून त्याचंही नाव आलं. धंदाच आडनाव झालेला माणूस, आणि अखेर पानावर उमटलेलं आडनाव. कवी पुस्तकावर असतो. जुळारी पुस्तकाच्या आत असतो, प्रत्येक अक्षराच्या मागे, आणि बहुधा निनावी.

बाईंच्या संग्रहात याची भरपाई करणारे कप्पे होते. एव्हिस क्लार्क या ग्रंथसेविकेने चार दशकं खपून कार्डं केली. १८२० पर्यंतचे मुद्रक, प्रकाशक, बांधणीवाले, सहा हजारांच्या वर माणसं. बाई कप्पा ओढत म्हणाल्या, “कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून ही माणसं आहेत.”

त्या दिवशी मला आठवलं ते घरचं. मॅसॅच्युसेट्समधल्याच एका संस्थेने १८१२ मध्ये पाठवलेले अमेरिकन मिशनरी पुढे मुंबईला पोचले. त्यांच्या मिशनच्या छापखान्यात जावजी दादाजी लहानपणी टाइप घासायच्या कामाला होते, आणि पुढे त्यांनी निर्णयसागर छापखाना उभा केला. निर्णयसागरी वळणाचे खिळे वडिलांच्या केसमध्ये होते. ज्या किनाऱ्यावर पहिली स्तोत्रं छापली गेली तिथली विद्या फिरत फिरत आमच्या बुधवारातल्या छापखान्यापर्यंत आली होती, आणि मी त्याबद्दल मान खाली घालत होते.

बाई गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांचं नाव एकाही पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाही, आभाराच्या ओळीत मात्र अनेक ठिकाणी आहे. वडीलही गेले. शेवटच्या दोन वर्षांत मी त्यांच्याजवळ बसून पुण्यातल्या जुळाऱ्यांची नावं विचारली. कोण ओवी सुबक लावायचा, कोणाचं जोडाक्षर कधी तुटायचं नाही, कोण दिव्याखाली जुळवून डोळे गमावून बसला. ती नावं मी कार्डांवर लिहिली. बुटांच्या एका खोक्यात आज एकशे चौदा कार्डं आहेत. पहिलं कार्ड वडिलांचं आहे. व्यवसाय या रकान्यात मी स्वच्छ अक्षरात लिहिलं आहे, जुळारी.