मजल आणि मुक्काम



गेल्या वर्षी कोल्हापूरच्या संपर्कसत्रानंतर तुमच्यातीलच एका विद्यार्थिनीने मला सहज विचारले, "मॅडम, पूर्वी तुम्ही सत्राच्या दिवशी पहाटे पुण्याहून निघून दहा वाजता वर्गावर हजर असायचात. आता आदल्या दिवशीच का येता?" मी उत्तर दिले, "कोल्हापुरात थोडे काम असते." ते खरे नव्हते. ती स्वतः घरचा स्वयंपाक उरकून, दोन एसटी बदलून वर्गात आली होती. तिच्याशी तरी मी खरे बोलायला हवे होते. तिच्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर म्हणून तुम्ही हा निबंध वाचावा.

मी गाडी चालवायला शिकले ती वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, १९९६ मध्ये. सिंधुदुर्गातील बोलीवर मी त्या वेळी पीएच.डी.चे संशोधन करत होते आणि गावोगाव फिरून माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित करणे हा त्या कामाचा गाभा होता. दुसऱ्याच्या वापरातील एक मारुती ८०० घेतली. तिच्यात कॅसेट वाजवण्याची सोय होती, हे माझ्या दृष्टीने इंजिनाइतकेच महत्त्वाचे होते. पुण्याहून पहाटे चारला निघायचे, कोल्हापूरपर्यंतचे सुमारे २३० किलोमीटर मागे टाकायचे, गगनबावड्याहून करूळचा घाट उतरून वैभववाडीला पोहोचायचे, दुपारभर म्हाताऱ्या माणसांशी बोलायचे आणि रात्री परत निघायचे. परतीच्या वाटेवर त्याच माणसांचे आवाज गाडीत वाजत असत. एखादा स्वर कानाला वेगळा लागला की मी तो मोठ्याने उच्चारून पाहत असे. ऐकायला कोणी नाही, हसायला कोणी नाही. पुढे फक्त दिव्यांच्या उजेडात उलगडत जाणारा रस्ता. माझ्या प्रबंधातील बऱ्याच गोष्टी मला टेबलापाशी नव्हे, तर त्या रात्रींमध्ये सुचल्या.

भीती तेव्हाही होती, पण ती बाहेरची होती. चहासाठी एखाद्या ढाब्यावर थांबले की प्रश्न येई, "मॅडम, एकट्याच?" व्याकरणात 'च' हे शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणून आपण शिकतो. एका अक्षराच्या त्या अव्ययात किती संशय, किती कुतूहल आणि कधी कधी किती उर्मटपणा मावतो, हे मी ढाब्यांवर शिकले. मग मी चहा उभ्यानेच प्यायला लागले आणि गाडी रस्त्याकडे तोंड करून लावायला लागले. आजही त्याच रस्त्यावर तोच प्रश्न येतो, फक्त संबोधन बदलले आहे: "मावशी, एकट्याच?" 'च' तोच, पण त्याचा सूर काळजीचा असतो. पहिल्यांदा 'मावशी' ऐकले तेव्हा मला एकाच वेळी सुरक्षित वाटले आणि थोडे वाईटही वाटले. बाहेरची भीती ओसरली होती. आतली येऊ घातली आहे, हे मात्र तेव्हा लक्षात आले नव्हते.

वयाची पहिली सूचना डोळ्यांनी दिली. जवळचे वाचण्यासाठी लागणाऱ्या चष्म्याला मराठीत 'चाळिशी' म्हणतात. वयाचा आकडाच वस्तूचे नाव व्हावा, इतका हा अनुभव नेमाने येणारा आहे. डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होते आणि अक्षरे हातभर लांब धरावी लागतात. पण रस्ता तर लांबच असतो! त्यामुळे चाळिशी पुस्तकापुरती आहे, गाडीला तिचा उपद्रव नाही, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली.

पन्नाशीनंतर जे बदलले ते इतके ठळक नव्हते. वय वाढते तशी अंधारात बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही, म्हणून आत पोहोचणारा प्रकाश कमी होतो. भिंग किंचित पिवळसर आणि धूसर होत जाते. समोरून येणारा प्रखर प्रकाश त्यात विखुरतो आणि दिपलेल्या डोळ्यांना सावरायला अधिक वेळ लागतो. हे सारे नेत्रतज्ज्ञाने मला नंतर समजावून सांगितले. त्याआधी मला एवढेच जाणवत होते, की साताऱ्याहून पुण्याकडे येताना भर दुपारी खंबाटकीच्या बोगद्यात शिरले की पहिले दोन-तीन क्षण काहीच दिसत नाही. पूर्वीही असे होत असे का, हे आठवून पाहण्याचे मी टाळले. बोगद्यातले दिवे मंद असतील, असे स्वतःला सांगितले.

मग एका फेब्रुवारीतील ती संध्याकाळ आली. कणकवलीचे सत्र आटोपून मी परत निघाले होते. करूळ घाट उजेडात चढले, गगनबावडा मागे पडला आणि कोल्हापूरच्या अलीकडे तिन्हीसांज झाली. ऊसतोडणीचे दिवस होते. समोरून एक ट्रक पूर्ण प्रखर दिवे लावून आला. तो बाजूने निघून गेला, पण त्याचा उजेड माझ्या डोळ्यांतून गेला नाही. रस्ता पुन्हा दिसू लागला तेव्हा त्यावर एक भिंत उभी होती. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, उसाच्या मोळ्या वरपर्यंत रचलेल्या, मागे दिवा नाही की लाल परावर्तक नाही. मी ब्रेकवर उभीच राहिले. गाडी थांबली तेव्हा मोळ्यांच्या बाहेर आलेली पाती काचेपासून हातभर अंतरावर हलत होती. ट्रॅक्टरवाल्याला काही कळलेही नाही. तो संथपणे पुढे निघून गेला.

दोष त्या ट्रॉलीचा होता, त्या ट्रकचाही होता. पण कडेला गाडी घेऊन, थरथरते हात मांडीवर ठेवून बसले असताना मला एक गोष्ट स्वच्छ कळली. दहा वर्षांपूर्वी मला ती ट्रॉली दिसली असती.

घरी मी काहीच सांगितले नाही. "उशीर का झाला?" या प्रश्नाला "उसाची वाहतूक होती," असे म्हणाले. वाक्य खरे होते. खऱ्या वाक्याने सत्य झाकता येते, हे भाषेच्या अभ्यासकाला शिकवावे लागत नाही.

हे कौशल्य मी आधीही वापरले होते. माझे वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे होते तेव्हा त्यांची नजर अधू झाली होती. त्यांच्या स्कूटरवर दोनदा नव्या पोचा दिसल्या. ते म्हणत, कोणीतरी उभ्या गाडीला धक्का दिला. आम्ही भावंडांनी विचारविनिमय केला आणि किल्ली लपवली. स्कूटर दुरुस्तीला दिली आहे, सुटा भाग मिळत नाही, असे मीच त्यांना सांगितले. आठवडाभर ते रोज विचारत राहिले. मग एके दिवशी त्यांनी विचारणे बंद केले. त्यांना सारे समजले होते आणि समजले आहे हे आम्हाला कळू नये, याची काळजीही त्यांनीच घेतली. ते गेले तेव्हा किल्ली माझ्याच कपाटात होती. आपल्यापैकी एकानेही त्यांना समोर बसवून "बाबा, आता नीट दिसत नाही ना?" एवढे विचारले नाही, याचे शल्य मला अजून आहे.

परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा ते शल्य पुन्हा टोचले. चाळिशीनंतर अर्जाला वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते आणि पंचावन्न वर्षे पूर्ण झाल्यावर परवाना एका वेळी पाच वर्षांसाठीच मिळतो. शारीरिक क्षमतेविषयीच्या अर्जात स्वतःच जाहीर करायचे काही प्रश्न असतात. चांगल्या दिवसाउजेडी २५ मीटरवरून मोटारीची क्रमांकपाटी ओळखता येते का? येते. रातांधळेपणा आहे का? नाही. दोन्ही उत्तरे प्रामाणिक होती. तरीही माझी अडचण त्या दोन प्रश्नांच्या मधोमध होती. चांगला उजेड आणि रातांधळेपणा यांच्यामध्ये एक मोठा प्रदेश असतो. आपली भाषा त्याला तिन्हीसांज म्हणते, कातरवेळ म्हणते, दिवेलागण म्हणते. त्या प्रदेशाबद्दल अर्ज काही विचारत नव्हता. तो प्रश्न मलाच मला विचारायचा होता.

या टप्प्यावर दोन शब्दांनी मला मदत केली, आणि ते तुमच्या अभ्यासाच्याही उपयोगाचे आहेत. 'मजल' आणि 'मुक्काम' हे दोन्ही शब्द मूळचे अरबी, फारसीमार्गे मराठीत आलेले. 'मजल' ज्या 'मंझिल'वरून आला त्याचा मूळ अर्थ उतरण्याची जागा. वाटसरूने वाहनावरून उतरावे, जनावराला पाणी दाखवावे, अशी जागा. मराठीत आल्यावर तो शब्द एका दिवसात काटलेल्या अंतराचा वाचक झाला. मग आपण 'मजल मारली' म्हणू लागलो, 'त्याची मजल कुठवर गेली' असे म्हणू लागलो. थांबण्याच्या जागेचा शब्द पोहोचण्याचा आणि धाडसाचा झाला. अर्थपरिवर्तनाचे हे उदाहरण मी अनेक वर्षे वर्गात देत आले होते. आपण स्वतः तिशीत हा शब्द मराठी अर्थाने जगलो आणि पन्नाशीत तो मूळ अर्थाकडे परत चालला आहे, हे मात्र त्या उसाच्या ट्रॉलीनंतर उमगले.

तुम्ही विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' वाचाल. १८५७ च्या धामधुमीत वरसईहून उत्तर हिंदुस्थानात गेलेल्या या भिक्षुकाने आपली हकीकत कित्येक वर्षांनी लिहिली आणि ती १९०७ मध्ये छापली गेली. त्या काळी चालणाऱ्याच्या प्रवासात मुक्काम गृहीतच असे. पायांना मर्यादा असतात हे कोणी लपवत नसे. मोटारीने आपल्याला ती मर्यादा विसरायला लावली. डोळे मात्र त्याच जुन्या शरीराचे राहिले.

म्हणून आता मी मुक्काम करते. सकाळी उजाडल्यावर निघते. दीड-दोन तासांनी उतरते, चार पावले चालते. दिवेलागणीच्या आत खोलीवर पोहोचते. नेत्रतज्ज्ञाने मोतीबिंदूची सुरुवात सांगितली आहे. शस्त्रक्रियेची वेळ अजून आलेली नाही. यात खर्च वाढला, घरापासून एक रात्र अधिक दूर राहावे लागते, आणि रात्रीच्या रस्त्यावरचा तो एकांत गेला. त्याची जागा लॉजच्या खोलीने भरून निघते, असे मी तुम्हाला सांगणार नाही. कॅसेटमधल्या त्या आवाजांसह घाट चढण्याचा आनंद पुन्हा मिळायचा नाही. पण दिवसाच्या उजेडात मी अजून एकटी जाते, आणि स्टिअरिंगवर हात ठेवताना मनात धाकधूक नसते.

ट्रॉलीची गोष्ट मी अखेर घरी सांगितली. मुलाला जवळ बसवून आणखी एक गोष्ट सांगितली: "उद्या दिवसाही मला दिसेनासे झाले, तर माझ्या समोर बसून तसे सांग. किल्ली माझ्याकडे माग. गाडी दुरुस्तीला दिली आहे, असे म्हणू नकोस." त्याला आजोबांची स्कूटर आठवत होती. तो काही बोलला नाही. त्याने फक्त मान हलवली.

मागच्या महिन्यात कोल्हापूरला जाताना कराडच्या पुढे चहाला थांबले. चहावाल्याने कप पुढे करत विचारले, "मावशी, एकट्याच?" या वेळी मी चहा बसून प्यायले.

"हो, एकटीच," मी म्हणाले. "पण आज कोल्हापुरात मुक्काम आहे."