कोंबडीचे पाऊल

आमच्या खानापूर-बेळगावकडील शेतकरी घरांत परड्यातली कोंबडी पुरुषांच्या हिशेबात कधी धरली जात नाही. भाताचे, उसाचे, दुधाचे पैसे सोसायटीच्या खात्यात जमा होतात. अंड्यांचे पैसे मात्र घरातल्या वडील बाईच्या कनवटीला लागतात आणि त्यांचा जाब तिला कोणी विचारीत नाही. आमच्या सासूबाईंनी याच पैशांतून माहेरच्या लग्नांतले आहेर केले, नातवंडांच्या जत्रेची सोय केली. आम्हा दोघी जावांच्या पहिल्या बाळंतपणातले डिंकाचे लाडूही याच पैशांतले. आज त्यांचे वय एकोणऐंशी आहे. शेतावर जाणे थांबले, डोळ्यांना कमी दिसते. परंतु सकाळी खुराड्याची फळी उचलण्याचा मान त्यांनी अजून कोणाला दिलेला नाही.

म्हणून गेल्या आषाढात त्यांच्या सहा कोंबड्यांपैकी तांबडी आणि ढवळी अशा दोघी एकदम लंगडू लागल्या, तेव्हा ती गोष्ट घरात वाटते तेवढी लहान नव्हती. लंगडी कोंबडी रश्शात घालावी असा गावचा सरळ न्याय आहे. शेजारच्या काकूंनी तो कुंपणावरून ऐकवलाही. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "पोरींनो, आधी पाय बघा."

पाय पाहणे हे काम दिसते तितके सोपे नाही. दिवसा धावाधाव करून धरलेली कोंबडी घाबरून जाते. दिवेलागणीनंतर ती दांडीवर बसली की हळूच उचलावी, जुन्या टॉवेलात पंख गुंडाळावेत, डोळ्यांवर पदर घ्यावा. ती निमूट राहते. मात्र छातीवर दाब पडू देऊ नये. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचे हाड खालीवर होऊनच त्यांचा श्वास चालतो. घट्ट आवळून धरलेली कोंबडी हातातच गुदमरू शकते. आमच्यापैकी थोरली धरून बसे आणि धाकटी विजेरीच्या उजेडात पाहत असे. या कामाला दोन माणसे लागतातच, आणि सासवासुनांपेक्षा जावाजावांना ते बरे जमते असे आमचे मत आहे.

दोघींच्याही तळव्याच्या मधोमध काळी, गोल खपली होती आणि तिच्याभोवती तळवा सुजून गरम झाला होता. सासूबाई याला कुरूप म्हणतात; पशुवैद्य बंबलफूट म्हणतात. तळव्याला बारीक काटा, खडा किंवा खरचटा लागतो, ओल्या मातीतून वा विष्ठेतून जंतू आत शिरतात, वर खपली धरते आणि आत गळू वाढत राहते. यातला नेहमीचा अपराधी स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू. अॅलेक्झांडर ऑग्स्टन या स्कॉटिश शल्यवैद्याने 1880 मध्ये माणसांच्या गळवातला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्याला हे जंतू द्राक्षांच्या घडासारखे झुबक्यांनी दिसले. नावातही ग्रीक भाषेतला तो घडच आहे. तोच जंतू आपल्या हातावरच्या ओरखड्यातूनही शिरू शकतो. म्हणून असला पाय हाताळताना हातमोजे घालावेत, आणि पाय बुडवायची पाटी स्वयंपाकघरातली नसावी.

लंगडणाऱ्या प्रत्येक कोंबडीला हेच दुखणे असते असे मात्र नाही. बोटांभोवती लांब केस किंवा पोत्याचा दोरा गुंडाळला जाऊन बोट काळे पडते. तिथे कात्री एवढाच उपाय. पायावरचे खवले उचलल्यासारखे होऊन पाय चुन्याने माखल्यासारखा दिसला, तर खवल्यांखाली बारीक किडे शिरलेले असतात. त्यावर पूर्वी सर्रास रॉकेल चोळत; त्याने कातडी भाजते. गोडे तेल किंवा व्हॅसलीन दाट लावीत राहिले तर ते किडे गुदमरतात, आणि पुढचे औषध डॉक्टरांना विचारून घ्यावे. तरणी कोंबडी एक पाय पुढे आणि एक मागे टाकून पडून राहिली, तर मात्र तो मरेक नावाचा विषाणुरोग असण्याची शक्यता असते. त्याला औषध नाही, पिल्लू अंड्यातून निघाल्याबरोबर टोचायची लस तेवढी आहे.

आमच्या दोघींचा रोग तळव्याचाच होता. तो याच दोघींना का व्हावा आणि उरलेल्या चौघींना का होऊ नये, याचे उत्तर खुराड्यातच होते. त्या चार जणी गावरान, अंगाने हलक्या. तांबडी आणि ढवळी गिरिराज जातीच्या. ही जात बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने परसात पाळण्यासाठीच तयार केली. रंगीबेरंगी पिसांची, चरून खाणारी, आणि अंगाने गावरान कोंबडीहून पुष्कळ भारी. आमच्या खुराड्यातली दांडी आजेसासऱ्यांच्या काळापासून पुरुषभर उंचीवर आहे, कारण खाली मुंगूस आणि रानमांजर यांचे भय. गावरान कोंबडी तिथून पंख पसरून पाखरासारखी उतरते. गिरिराज मात्र पोते टाकल्यासारखी धप्पदिशी खाली येते, तीही जांभ्याच्या चिऱ्यांवर. रोज सकाळी तोच आघात, त्यात आषाढातली कायमची ओल. दांडीत दोष नव्हता. ती वेगळ्या कोंबडीसाठी बांधलेली होती.

तांबडीचे दुखणे नवे होते. कोमट पाण्यात इप्सम सॉल्ट विरघळवून तिचा पाय पंधरा मिनिटे बुडवून ठेवायचा, मऊ फडक्याने टिपायचा, पोव्हिडोन आयोडीनच्या द्रावणाने पुसायचा, वर निर्जंतुक जाळीची घडी ठेवून बोटांच्या मधून आठाच्या आकड्यासारखी पट्टी बांधायची. पट्टी सुटू नये इतकी घट्ट, पण बोटे गार पडू नयेत इतकी सैल. एक दिवसाआड ती बदलायची. पाण्याने मऊ झालेली खपली आपण होऊन सुटली तर ठीक. दाबून, पिळून काढू नये. माणसाच्या गळवातला पू वाहता असतो. पक्ष्यांच्या पेशींत पू पातळ करणारे द्रव्य नसते, म्हणून त्यांचा पू घट्ट, पिवळसर गोळा होऊन बसतो. तो पिळून निघत नाही, उलट दाबामुळे जंतू आणखी खोल जातात. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा दाढीचे पाते घेऊन उत्साहाने आला होता. त्याला चहा पाजून परत पाठविला.

सासूबाईंचा आग्रह हळदीचा. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर कानडी बोलतात, सासूबाई मराठी; दोघांचे एकमेकांना सगळे कळते. कानडीत कोंबडीला 'कोळी' म्हणतात. धाकटी पुण्याची, लग्न होऊन नवी आली तेव्हा "कोळी आत आला का" असे तिने गड्याला विचारले होते, त्याची आठवण घरात अजून निघते. तर डॉक्टर हळदीला हसले नाहीत. हळद चांगलीच, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि उघड्या जखमेत पूड बसून राहते, म्हणून ती नको, असे त्यांनी समजावले. आपल्या घरातली बधिर करणारी मलमेही पक्ष्यांना लावू नयेत. त्यांतली काही त्यांना विषासारखी बाधतात, हेही त्यांनीच सांगितले. तांबडीला त्यांनी पाच दिवसांचे औषध दिले आणि औषध चालू असताना व नंतर ते सांगतील तितके दिवस तिची अंडी खायची किंवा विकायची नाहीत, अशी ताकीद दिली.

सासूबाईंना पायापेक्षा ही ताकीद जड गेली. तांबडीला वेगळ्या टोपलीत, कोरड्या भाताच्या तुसावर ठेवले होते, त्यामुळे अंडे कोणाचे यात शंका नव्हती. पहिले अंडे त्यांनी दिवसभर पदरात ठेवले. संध्याकाळी स्वतःच खड्ड्यात टाकले. अशी नऊ अंडी गेली आणि प्रत्येकासाठी खुराड्याच्या फळीवर त्यांनी कोळशाची एक एक रेघ ओढली. आम्ही ती रेघ पुसली नाही.

ढवळीचे दुखणे मुरलेले होते. आम्ही पाहिले तेव्हाच सूज तळव्यावरून वर चढू लागली होती. डॉक्टरांनी खपलीखालचा गोळा दवाखान्यात काढला, औषधही दिले. आम्ही दहा दिवस पट्ट्या बदलल्या. परंतु घोटा गरम राहिला, मग फुगला. तिने दाणा सोडला. अकराव्या दिवशी डॉक्टरांनी सांध्यावर बोट ठेवून पाहिले आणि दुखणे शिरांतून हाडापर्यंत गेल्याचे सांगितले. पुढे हे जंतू रक्तात उतरतात. औषध वाढवून देता आले असते, पण ती बरी होईल असे त्यांनी म्हटले नाही.

निर्णय आमचा नव्हता. ज्यांच्या कोंबड्या, त्यांचाच तो. काकूंनी पुन्हा कुंपणापाशी येऊन, अंगावर मांस आहे तोवर तरी द्या, असे सुचविले. काकूंचे घर मोठे आहे, सणावारी सुद्धा त्यांच्याकडे तंगी असते. त्यांच्या बोलण्यात लोभापेक्षा अडचण अधिक होती, हे सासूबाई जाणून होत्या. तरी त्या म्हणाल्या, "औषध भरलंय तिच्यात, पू भरलाय. पोरंबाळं खायची तुझी." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या धडधाकट गावरान कोंबड्यांपैकी एक काकूंकडे पाठवून दिली. सहांतल्या दोन अशा गेल्या.

ढवळीला दवाखान्यात नेताना सासूबाई रिक्षात टोपली मांडीवर घेऊन बसल्या. इंजेक्शन देताना आम्ही त्यांना बाहेर थांबा म्हणून विनविले. त्या थांबल्या नाहीत. परत येताना टोपलीवर त्यांनी पदर घातला होता, आणि नंदगडच्या रस्त्यावर भेटलेल्या ओळखीच्या बाईने बाजारातून काय आणले असे विचारले, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. फणसाखाली हातभर खोल खड्डा काढून, चुना टाकून तिला पुरले. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर चिरा ठेवला.

तांबडीची सूज तिसऱ्या आठवड्यात पूर्ण उतरली. नवी कातडी आली, ती गुलाबी आणि नाजूक असते. ओलीत सोडण्याआधी आणखी आठ दिवस तिला तुसावरच ठेवले. दरम्यान खुराड्यात दांडी हातभर उंचीवर आणली, कडा तासून गोल केल्या, खालच्या चिऱ्यांवर वीतभर तूस पसरले आणि ते ओले झाले की बदलण्याचे काम मुलांना वाटून दिले. मुंगसासाठी दाराला बारीक जाळी बसविली. तिच्या खर्चावरून घरातल्या पुरुषांत थोडी कुरकुर झाली, तेव्हा सासूबाईंनी कनवटीची गाठ सोडून पैसे काढून दिले आणि कुरकुर थांबली.

आता दर अमावास्येला दिवेलागणीनंतर आम्ही सगळ्यांचे पाय पाहतो. सासूबाई शेजारी पाट घेऊन बसतात. डोळ्यांना दिसत नाही म्हणून त्या तळव्यावरून अंगठा फिरवितात, आणि आम्हाला विजेरीत दिसण्याआधी त्यांना बोटाला कळते.

गणपतीत तांबडीने पुन्हा अंडी घालायला सुरुवात केली. औषधाची मुदत तेव्हा संपून गेली होती. खुराड्यात चार जणी उरल्या आहेत. नंदगडच्या बाजारात दोन तलंगा बघा, गिरिराज नकोत, साध्या गावरान बघा, असे सासूबाईंनी सांगून ठेवले आहे. पैसे त्यांनीच दिले आहेत.