माणगावचे हातमोजे, औलीचा बर्फ

मुंबई-गोवा महामार्गाने कोकणात उतरणाऱ्यांच्या स्मरणात माणगाव राहते ते वाहनांच्या रांगेमुळे. इंदापूर मागे पडले की गाड्यांचा वेग मंदावतो, आणि गणपतीच्या किंवा मे महिन्याच्या सुटीत तर बाजारपेठेतून बाहेर पडेपर्यंत प्रवाशाच्या संयमाची परीक्षा होते. परंतु जी गर्दी प्रवाशाला जाचते तिनेच हे गाव वाढवले आहे. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून विळे, निजामपूर करीत येणारा रस्ता येथेच महामार्गाला मिळतो. मोर्ब्याच्या बाजूने म्हसळा, श्रीवर्धन, दिघीकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो. शेजारून काळ नदी वाहते, आणि दिवा-सावंतवाडी गाडी थांबते असे कोकण रेल्वेचे स्थानकही आहे. अशा नाक्यावर व्यापार रुजला नसता तरच नवल. राजस्थान व गुजरातेतून पिढ्यांपूर्वी आलेली जैन कुटुंबे कापड, किराणा, भांडी, लोखंडी सामान अशा व्यवसायांत या परिसरात स्थिरावली, ती याच रस्त्यांच्या आधाराने.

ऊब ही मात्र या गावात विकण्याजोगी वस्तू नव्हे. जवळच्याच भिरा येथे मार्च २०१७ मध्ये पारा ४६.५ अंशांवर गेल्याची बातमी देशभर गाजली होती. पावसाळ्याचे चार महिने भिंतींनाही ओल येते. जानेवारीतली थंडी पहाटेच्या चहापुरती. असे असूनही माणगावात हातमोजे बारमाही खपतात. विळे-भागाड औद्योगिक क्षेत्रातले पोलादी पत्र्याचे काम, गावोगावचे फॅब्रिकेटर, वेल्डर, ठेकेदार यांना ते लागतातच. हार्डवेअरच्या दुकानात पितळी बिजागऱ्यांच्या वर दोरीवर टांगलेल्या हातमोज्यांच्या जुड्या म्हणूनच दिसतात.

महामार्गालगतच्या अशा एका जुन्या दुकानात सुती विणीचे, तळव्यावर रबराचा किंवा नायट्राइलचा थर दिलेले हातमोजे मिळतात. वेल्डरचे कातडी हातमोजे मिळत नाहीत. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य आहे. त्याचा अर्थ केवळ हस्तिदंतापुरता न घेता प्राण्याच्या कोणत्याही अवयवाचा व्यापार असा घ्यावा, ही या घरातील मागील पिढीने घालून दिलेली रीत. दुकानाचे आजचे मालक पंचाहत्तरीला आले आहेत. त्यांनी ती पाळली. त्यासाठी पडणारी किंमत वहीत कोठेही लिहिलेली नसते. वेल्डर कातडी जोडासाठी दुसऱ्या दुकानात जातो आणि जाता जाता वेल्डिंगच्या काड्या, डिस्क, पॉलिश पेपरही तेथूनच घेतो. न झालेल्या विक्रीचे खाते कोणत्याही हिशेबात नसते, हे व्यापाऱ्याच्या घरात वेगळे सांगावे लागत नाही.

या घरात हातमोज्यांचा प्रश्न पुन्हा उभा राहिला तो मात्र बर्फामुळे. पुण्यात शिकणाऱ्या एकोणीस वर्षांच्या नातीने औली येथील सात दिवसांच्या स्कीइंगच्या वर्गात नाव घातले. गढवाल मंडल विकास निगम हे वर्ग चालवते. टोरांटोला राहणाऱ्या काकांना हे कळताच त्यांनी मोठ्या कौतुकाने एक जोड पाठवला. आपल्या पैशांत बारा हजारांच्या घरातला. आतून मऊ, बाहेरून चिवट, हातात घालताच मनात भरणारा. दादीने सवयीप्रमाणे चष्मा लावून आतली पट्टी पाहिली आणि इंग्रजी अक्षरे जुळवीत नातीला विचारले, “गोटस्किन म्हणजे बकरीच ना ग?”

नातीचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. “दादाजी, काकांनी प्रेमाने पाठवलेत. आणि तिथे बोटं बधिर झाली तर?” आजोबांनी नकार दिला नाही, होकारही दिला नाही. “बेटा, मला चार दिवस दे. चाळीस वर्षे हातमोजेच विकतोय,” एवढेच ते म्हणाले, आणि जोड दुकानात नेऊन गल्ल्यावर उलटा करून बसले.

कातड्याचा गुण नाकारण्यात अर्थ नाही. बकरीचे कातडे पातळ असूनही घासले जात नाही, काठीवर घट्ट पकड देते आणि वापराने हाताच्या आकाराचे होत जाते. उत्तम प्रतीच्या स्कीच्या हातमोज्यांत तळव्याला तेच वापरण्याची चाल पडली ती उगाच नव्हे. परंतु ऊब कातड्याची नसते. किंबहुना ती हातमोज्याचीच नसते. ती हाताची असते. भरणातल्या तंतूंत अडकलेली स्थिर हवा तिला बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. म्हणजे हातमोज्यात तीन निरनिराळी कामे तीन निरनिराळे थर करीत असतात: घर्षण सोसणे, पाणी अडवणे आणि हवा धरून ठेवणे. एका मालाला तीन पुरवठादार असावेत तसे हे आहे, आणि पुरवठादार बदलता येतो.

हवा धरण्याचे काम पूर्वी बदकाची मऊ पिसे किंवा लोकर करीत असे. पिसे भिजली की गोळा होतात आणि ऊब संपते. शिवाय ती बहुधा खाण्यासाठी मारलेल्या पक्ष्यांचीच असतात. अमेरिकन सैन्याला नेमकी हीच भिजण्याची अडचण होती. त्यासाठी १९८०च्या दशकात प्रायमालॉफ्ट हा कृत्रिम तंतू तयार झाला. त्याआधी थिन्सुलेट बाजारात आलाच होता. दोन्ही भिजल्यावरही बरीच ऊब राखतात. पाणी अडवण्यासाठी आत एक पातळ पडदा असतो. १९६९ मध्ये सापडलेल्या गोअर-टेक्सच्या पडद्याची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की पाण्याचा थेंब आत येत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर जाते. स्वस्त जोडात या जागी साधे प्लास्टिक असते. त्यात बाहेरचे पाणी येत नाही, पण हात स्वतःच्याच घामाने ओला होतो आणि मग गारठतो. या दोन्ही थरांसाठी कोणत्याही जीवाची आवश्यकता नाही. उरला तळवा. तेथे पॉलियुरेथेनचे कृत्रिम कातडे चालते.

लोकरीचा विचार घरात जरा लांबला. श्वेतांबर साधु-साध्वींचा ओघा लोकरीचा असतो. दिगंबर मुनींची पिंछी मोराने आपोआप गाळलेल्या पिसांची असते. जीव घेऊन मिळवलेली वस्तू आणि जीव न घेता मिळालेली वस्तू यांतला भेद परंपरेने फार पूर्वीच करून ठेवला आहे. त्या न्यायाने लोकर कातड्याच्या पंक्तीत बसत नाही, रेशीम मात्र बसते. कारण कोश उकळल्याशिवाय अखंड धागा निघत नाही. महाग जोडांसोबत रेशमी अस्तराचे आतले मोजे येतात, ते म्हणून पाहून घ्यावेत. लोकरीला आजोबांचा आक्षेप निराळाच होता, आणि तो अस्सल कोकणी होता. वर्षातले सात दिवस बर्फात आणि उरलेले दिवस माणगावच्या कपाटात राहणाऱ्या लोकरीला कसर लागते. मग ती झटकायची, डांबराच्या गोळ्या टाकायच्या. त्यात हिंसा नाही असे कोण म्हणेल? कातडी जोडाचेही तसेच. कोकणातल्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या चामड्यावर बुरशी धरायला पंधरा दिवस पुरतात, आणि ते जपण्यासाठी जी मलमे मिळतात त्यांत बरेचदा मधमाशीचे मेण असते. ज्या घरात मध चालत नाही तेथे हे कसे चालावे?

कृत्रिम तळव्याचे दोष सांगणेही प्रामाणिकपणाचे होईल. पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत काही वर्षांत आपोआप सुटू लागतो. जुन्या रेक्झीनच्या बॅगेचे पोपडे निघतात ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे ठाऊक आहे. हे सारे धागे खनिज तेलापासून बनतात आणि टाकून दिल्यावर कुजत नाहीत, हाही दोषच. सर्वथा निर्दोष वस्तू बाजारात मिळत नाही. श्रावकाच्या वाट्याला त्यातल्या त्यात कमी दोषाची निवड येते.

शेवटी पुण्याहून कृत्रिम तळव्याचे दोन जोड आणले गेले, प्रत्येकी अडीच हजारांच्या आतले. एकाऐवजी दोन, हा आजोबांचा हिशेब. नवशिक्याचा दिवस पडण्यात आणि उठण्यात जातो, दर वेळी हात बर्फात जातात. कितीही भारी असला तरी भिजलेला एक जोड दुसऱ्या सकाळी ओलाच असतो. त्यापेक्षा सुकलेला साधा जोड अधिक ऊब देतो. खरेदी करताना त्यांनी फोनवरून तीन गोष्टी तपासायला लावल्या. बोटांच्या टोकाशी थोडी जागा मोकळी हवी. मूठ आवळल्यावर शिवण ताणली जाता कामा नये. मनगटावरचा भाग कोटाच्या बाहीवर नीट बसून दोरीने आवळता आला पाहिजे. लेबलावर काऊहाइड, नप्पा, फुल ग्रेन, शीपस्किन असे काही दिसले तर ते कातडेच समजावे. ‘सिंथेटिक’ हा शब्द पाठीच्या कापडाला उद्देशून असू शकतो. तळव्याचा उल्लेख स्वतंत्र शोधावा. आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यात दुहेरी कापड आहे ना, तेही पाहावे. पत्रा उचलणाऱ्या कामगाराचा हातमोजा प्रथम तेथेच फाटतो, हे त्यांनी असंख्य वेळा पाहिले होते. बर्फावरच्या पट्ट्यांच्या कडाही पोलादीच असतात आणि त्या खांद्यावर वाहून न्याव्या लागतात.

हरिद्वारपर्यंत आगगाडी, भूपतवाल्यातील श्री चिंतामणी पार्श्वनाथांचे दर्शन आणि मग देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग असे संगम ओलांडीत अलकनंदेच्या काठाने जोशीमठ, असा नातीचा प्रवास झाला. आदिनाथांचे निर्वाण ज्या अष्टापदावर झाले तो पर्वत परंपरा हिमालयाच्या पलीकडे कैलासाच्या परिसरात मानते. त्या दिशेने जाताना घरून निघताना दादीने नवकार म्हणवून घेतला होता. जोशीमठात जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचून घरांना भेगा पडल्या, तेव्हा औलीला जाणारा चार किलोमीटरचा रोपवेही बंद करण्यात आला. नातीचा गट मोटारीने वर गेला. तडा गेलेल्या भिंती तिने पाहिल्या आणि घरी पाठवलेल्या छायाचित्रांत बर्फाच्या आधी त्याच होत्या.

औलीची उतरण देवदार आणि ओक यांच्या वर मोकळी होत जाते आणि समोर ७,८१६ मीटर उंचीचे नंदादेवी शिखर उभे राहते. सायंकाळी पाचनंतर सूर्य झपाट्याने उतरतो, त्यामुळे चौविहार पाळणाऱ्याला चार वाजताच पट्ट्या सोडून खाली यावे लागते. गटातील इतरांना ते विचित्र वाटले, स्वयंपाक्याला नाही. त्याला यात्रेकरूंची सवय होती.

चौथ्या दिवशी मात्र व्हायचे ते झाले. सकाळी वारा होता म्हणून तिने हातमोज्यांच्या आत आणखी एक जाड विणलेला जोड घातला. तासाभरात उजव्या हाताची दोन बोटे पांढरी पडली आणि त्यांना स्पर्श कळेनासा झाला. पाठवलेला कातडी जोड असता तर, हा विचार तिच्या मनात आलाच. प्रशिक्षकाने मात्र आधी आतला जोड काढायला लावला, हात काखेत धरून बसवले आणि बर्फाने चोळू दिले नाही. आत कोंबलेल्या जाडीने बोटे आवळली गेली होती; रक्त पोहोचेना, हवेलाही जागा उरली नव्हती. अर्ध्या तासाने मुंग्या आल्या, मग ठणका, मग रंग. संध्याकाळी तिने हे घरी सांगितले तेव्हा पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. “उद्या नको जाऊस,” असे दादी म्हणाली. ती गेली, एकच जोड घालून.

सहाव्या दिवशी डाव्या हातमोज्याचे बेचके फाटले. पिशवीत आजोबांनी घातलेली कापडी चिकटपट्टी होती.

परतल्यावर दोन्ही जोड कोमट पाण्याने धुऊन, उलटे करून, सावलीत वाळवले गेले. बुरशी आल्यावर ती काढण्यात जीव जातात. ती येऊच न देणे ही जयणा. त्यासाठी पावसाळ्यात दर पंधरवड्याला ते डब्यातून काढून पडिलेहण केल्यासारखे आतबाहेर पाहण्याचे काम दादीने आपल्याकडे घेतले आहे. कातडी जोडाचे काय करावे हा प्रश्न त्याहून अवघड ठरला. वापरायचा नाही आणि कोणाला द्यावा तर तेही अनुमोदनच. उन्हाळ्यात आलेल्या एका नातलगाच्या बॅगेतून तो टोरांटोला परत गेला. काका आधी दुखावले. काही दिवसांनी त्यांचा फोन आला: स्वतःच्या गॅरेजमधले बर्फ उपसण्याचे हातमोजे त्यांनी प्रथमच उलटे करून पाहिले होते, आणि चारांपैकी तीन जोडांत कातडे निघाले होते.

दुकानातही एक बदल झाला. वेल्डिंगच्या ठिणगीपुढे पॉलिस्टर वितळतो, म्हणून तेथे कातड्याला पर्याय नाही असे आजवर गृहीत होते. नातीने शोधून दिले की १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक यांनी शोधलेल्या केव्हलारच्या जातीचे तंतू वितळत नाहीत, फार तर करपतात, आणि त्यांचेही हातमोजे बनतात. आजोबांनी एक डझन मागवले. किंमत कातडी जोडाच्या दुपटीहून अधिक आहे. विळ्याच्या एका फॅब्रिकेटरने तीन जोड नेले, निजामपूरच्या एकाने दोन. सात अजून खोक्यात आहेत.