खरखर आधी ओळखावी, मग दाबावी

इंग्लंडच्या पूर्वेला, नॉरफोक-सफोकमध्ये, गव्हाची कापणी झाली की मेटल डिटेक्टरवाल्यांचा हंगाम सुरू होतो. शेतमालकाची परवानगी घ्यायची, कानांवर हेडफोन चढवायचे आणि धसकटांवरून दांड्याच्या टोकाची कॉइल फिरवत निघायचं. पाच-दहा मिनिटांत यंत्र चरचरायला लागतं आणि जो तो सेन्सिटिव्हिटीचं, म्हणजे ग्रहणशक्तीचं, बटण दाबत सुटतो. माझं मत ठाम आहे. बटणाला हात लावण्याआधी जागेवर उभं राहावं आणि खरखर येते कुठून ते शोधावं.

*

शोधायची रीत सोपी. कॉइल कमरेपर्यंत उचलून स्थिर धरायची. तरी आवाज थांबला नाही, तर तो बाहेरून येतोय: विजेच्या तारा, खिशातला मोबाइल, पलीकडच्या गड्याचं यंत्र. वर धरल्यावर शांत पण जमिनीलगत झुलवताना कुरकुर, तर माती. दोन्ही वेळी शांत आणि फक्त धसकटाला कॉइल थडकली की ‘टक’, तर केबल दांड्याभोवती सैल गुंडाळली गेली आहे किंवा जोडात ओल शिरली आहे. केबल घट्ट करावी, जोड कोरडा करावा आणि चालू लागावं. या तिसऱ्या आवाजाचा सेटिंगशी संबंधच नाही.

*

गुरांच्या विजेच्या कुंपणाचा आवाज ओळखता आला की पुष्कळ मनस्ताप वाचतो. साधारण सेकंदाला एक टिक, अगदी ठेक्यात. कॉइल कुठेही न्या, ठेका तोच. नाणं असं वागत नाही. नाण्याचा सूर एका जागेला बांधलेला असतो. डावीकडून आलात तरी तिथेच, उजवीकडून आलात तरी तिथेच, नव्वद अंशांत वळून झुलवलं तरी तिथेच. जो आवाज जागा बदलतो त्याच्यासाठी खड्डा खणू नये.

*

ब्रिटनमध्ये वीज भारतासारखीच ५० हर्ट्‌झची. शेतांवरून लाकडी खांबांवरच्या ११ हजार व्होल्टच्या तारा जातात आणि त्यांच्याखाली चांगलं यंत्रही बरळतं. अशा वेळी आधी मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकावा. मग नॉइज कॅन्सल: कॉइल स्थिर धरून बटण दाबलं की यंत्र आपल्या वारंवारितेच्या आसपासचे पट्टे तपासतं आणि त्यातला सर्वांत शांत पट्टा निवडतं. कॉइल झुलवत हे केलं तर निवड चुकते. भागलं नाही तर अनेक वारंवारितांऐवजी एकच लावून बघावी, किंवा लहान कॉइल चढवावी. ती हवेतला गोंगाटही कमी पकडते. शेजारी सारख्याच बनावटीचं यंत्र असेल तर दोघांनी वेगवेगळे पट्टे घ्यावेत आणि मध्ये अंतर ठेवावं. सेन्सिटिव्हिटी उतरवायची ती एवढं सगळं करून झाल्यावर.

*

सेन्सिटिव्हिटी म्हणजे खोली, हा समज फार पसरलेला आहे. एकदा हिशेब मांडून बघावा. कॉइलचं चुंबकीय क्षेत्र दूर जाताना अंतराच्या घनाच्या प्रमाणात विरतं, आणि नाण्याकडून येणारा प्रतिसाद परतीच्या वाटेवर पुन्हा तितकाच विरतो. म्हणजे खोलवरच्या लहान वस्तूचा संदेश अंतराच्या सहाव्या घाताने घटतो. खोली दुप्पट, तर संदेश चौसष्टावा हिस्सा. आता हेच उलट बाजूने बघा. यंत्राची ग्रहणशक्ती खरोखर दुप्पट केली तरी खोली वाढते जेमतेम १२ टक्के. २० सेंटिमीटरवर ऐकू येणारं नाणं साडेबावीसच्या आत-बाहेर ऐकू येईल, इतकंच. तेवढ्यासाठी गोंगाटही दुप्पट होतो आणि त्यात १५ सेंटिमीटरवरचं नाणंसुद्धा बुडतं. गोंगाटाच्या शेतात दोन पायऱ्या खाली उतरणारा माणूस जास्त खोलवरचं ऐकतो, ते यामुळे.

माइनलॅब इक्विनॉक्स या यंत्रावर सेन्सिटिव्हिटीची पट्टी १ ते २५ अशी आहे, एक्सपी डीअसवर ० ते ९९. दोन यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडून काहीही हाती लागत नाही.

*

गोंगाटाने घात केल्याची मला ठाऊक असलेली सर्वांत दुःखद घटना १८८१ ची. २ जुलैला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी शरीरात कुठे अडकली ते डॉक्टरांना कळेना. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपलं नवं यंत्र घेऊन व्हाइट हाउसमध्ये आले. रुग्णाच्या अंगावरून कॉइल फिरवायची आणि टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावून ऐकायचं. पहिल्या खेपेला नुसती खरखर, कारण जोडणीत दोष राहिला होता. १ ऑगस्टला दुसरा प्रयत्न झाला. या वेळी आवाज आला, पण क्षीण आणि भल्यामोठ्या भागावर पसरलेला. नंतर उलगडा झाला: घोड्याच्या केसांच्या गादीखाली पोलादी तारांच्या स्प्रिंगा होत्या. शिवाय गारफिल्ड यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर ब्लिस यांनी उजवीच बाजू तपासू दिली होती, आणि शवविच्छेदनात गोळी निघाली डावीकडे. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. बेल यांचं यंत्र चालत होतं. रुग्णाची खोली आणि खाट धातूपासून मोकळी करून घेणं तेवढं राहिलं. पसरट आवाज पार्श्वभूमीचा असतो आणि लहान वस्तूचा आवाज आखूड, काठ असलेला असतो, हे मी त्या १ ऑगस्टच्या नोंदीवरून मनाशी धरलं आहे.

*

आवाजाची पातळी आणि सेन्सिटिव्हिटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पातळी वाढवली की कानातला आवाज मोठा होतो, यंत्राला जास्त काही कळत नाही. तरीही पातळी नीट लावणं महत्त्वाचं, कारण बऱ्याच यंत्रांत खोल वस्तूचा सूर मुद्दाम हळू ठेवलेला असतो. तो वाऱ्यात हरवता कामा नये, आणि जवळच्या डब्याच्या झाकणाने कानठळ्याही बसता कामा नयेत. वायरचे हेडफोन मला आजही आवडतात. साध्या ब्लूटूथला आवाज पोचायला उशीर होतो, तोवर कॉइल पुढे गेलेली असते.

*

ज्या यंत्रात थ्रेशोल्डची सोय आहे तिथे ती जरूर वापरावी. ऐकू येईल-न येईल असा अखंड सूर तानपुऱ्यासारखा मागे चालू राहतो. खोल वस्तूवर तो किंचित फुगतो. ऐकू येऊ नये म्हणून सेटिंगमधून गाळून टाकलेल्या लोखंडावर तो तुटतो, आणि हे तुटणंही कामाचं असतं. सूर वारंवार तुटत असेल तर पायाखाली खिळेच खिळे आहेत. जिथे खिळे तिथे बहुधा कधीतरी घर होतं.

*

म्हणूनच लोखंड पूर्ण गाळणं मला पटत नाही. लोखंडाचा सूर वेगळा आणि खालच्या पट्टीत ठेवावा, त्याची पातळी उतरवावी, पण तो राहू द्यावा. वाकडा खिळा कधीकधी वरच्या पट्टीत चकवतो. एका बाजूने गोड वाजतो, वळून आलं की तुटतो. लोखंडाचा सूर चालू असेल तर ही लबाडी लगेच पकडता येते.

सफोकमधल्या हॉक्सन गावात १६ नोव्हेंबर १९९२ ला एरिक लॉज हे गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला डिटेक्टर घेऊन गेले. सापडला रोमन काळाच्या अखेरचा ठेवा: सोन्या-चांदीची सुमारे १५ हजार नाणी आणि दागिने. त्यांनी खणणं थांबवून कळवलं, म्हणून पुरातत्त्वज्ञांना ठेव्याचा बराचसा भाग जागच्या जागी, ज्या मांडणीत पुरला होता त्याच मांडणीत पाहता आला. हातोडाही मिळाला आणि तोही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. लोखंड ऐकायचंच नाही असं ठरवून कुणी हातोडा शोधायला निघत नाही.

*

पहिल्या एडवर्डच्या काळातली चांदीची पेनी: वजन दीड ग्रॅमहूनही कमी, रुंदी दोन सेंटिमीटरच्या आत, जाडी कागदी. अशी पेनी ओल्या मातीत वीतभर खाली असली तर तिचा सूर मोठा नसतोच. कॉइलच्या एका फेरीत ‘टिऽ’ असा कोवळा उच्चार, परतीच्या फेरीत पुन्हा तोच, पडद्यावरचा आकडा मात्र डळमळीत. मी अशा वेळी झुलवण्याचा वेग उतरवतो, फेरी आखडती घेतो आणि पायाने वरची सैल माती बाजूला सारतो. दोन सेंटिमीटर माती हटली की सूर एकदम भरतो. ग्रहणशक्ती जवळपास दुप्पट करून मिळाली असती तेवढी खोली बुटाने मिळते, तीही गोंगाट न वाढवता.

*

समुद्रकाठी सगळं नव्याने लावावं लागतं. खारी ओली वाळू स्वतःच वीज वाहून नेते, त्यामुळे एका वारंवारितेची यंत्रं तिथे अखंड बडबडतात. अनेक वारंवारितांचं यंत्र, ओल्या वाळूवर वेगळा ग्राउंड बॅलन्स (जमिनीच्या स्वतःच्या प्रतिसादाशी यंत्र जुळवून घेणं) आणि उतरवलेली सेन्सिटिव्हिटी. कोरड्या वाळूतून ओल्यात शिरताना दर वेळी हे करावं.

*

दख्खनचा बेसाल्टही यंत्राला जड जाणारा. त्यातल्या मॅग्नेटाइटमुळे माती स्वतःच प्रतिसाद देते. हवाईच्या काहोओलावे बेटावर न फुटलेले बॉम्ब शोधताना बेसाल्टच्या मातीनेच अडचण केली. पण महाराष्ट्रात हा छंद म्हणून करू नये, असं मी स्पष्ट सांगतो. संरक्षित किल्ल्यांवर परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे, आणि १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. इंग्लंड-वेल्समध्येही १९९६ च्या कायद्यानुसार ठेवा १४ दिवसांत कळवणं बंधनकारक आहे.

*

परदेशात राहणाऱ्या आणि नवं यंत्र घेतलेल्या मराठी मंडळींना एक विनंती. आपल्या परसात एक नाणं १५ सेंटिमीटर खोल पुरा. नॉइज कॅन्सल आणि ग्राउंड बॅलन्स करून सेन्सिटिव्हिटी तळापासून एकेक पायरी चढवत त्यावरून कॉइल फिरवा. सूर कुठे उमटतो, कुठे सर्वांत स्वच्छ होतो आणि कुठे खरखरीत मिसळायला लागतो, ते तीन आकडे वहीत लिहा. शेतात गेल्यावर मधल्या आकड्यापासून सुरुवात करा, आणि दुसऱ्या कुणाचा आकडा उसना घेऊ नका.