मामाचे घर

'यलो' हा मराठी चित्रपट 2014 च्या एप्रिलमध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा मी तो पाहिला नाही. शाळेतले सहकारी पाहून आले, मधल्या सुट्टीत चहा घेताना भरल्या गळ्याने त्याविषयी बोलले, आणि मला म्हणाले, "सर, तुम्ही तर पाहायलाच हवा." मी म्हणालो, "आमच्या घरी तो रोज चालू असतो. तिकीट कशाला काढू?" ते हसले, मीही हसलो. माझ्या धाकट्या बहिणीला डाऊन सिंड्रोम आहे, हे त्या सर्वांना ठाऊक होते.

पुढे काही वर्षांनी तो घरीच टीव्हीवर पाहिला. आई होती, पत्नी होती, धाकटीही होती. गोष्ट साधी आहे. गौरी नावाची मुलगी जन्मते ती एक गुणसूत्र जास्त घेऊन. तुमच्याआमच्या पेशीत 46 गुणसूत्रे असतात. या मुलांच्या एकविसाव्या जोडीत तिसरे येऊन बसते आणि संख्या 47 होते. बापाला ती पोर पत्करत नाही. आई तिला घेऊन घर सोडते आणि भावाकडे येऊन राहते. मुलीला पाण्याची ओढ असते, एक प्रशिक्षक भेटतो, मुलगी पोहायला शिकते आणि स्पर्धेत उतरते. आई मृणाल कुलकर्णी, मामा हृषीकेश जोशी, प्रशिक्षक उपेंद्र लिमये. छायालेखक म्हणून नाव मिळवलेल्या महेश लिमये यांचे हे पहिलेच दिग्दर्शन. मोठी गौरी म्हणून जी मुलगी दिसते, ती खुद्द गौरी गाडगीळ, जिच्या आयुष्यावरून हा चित्रपट निघाला तीच. लहानपणची गौरी झालेल्या संजना रायलाही डाऊन सिंड्रोम आहे. राष्ट्रीय पुरस्कारांत चित्रपटाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला आणि या दोघींचा विशेष उल्लेख झाला.

1991 साली 'चौकट राजा' आला होता. लहानपणी झाडावरून पडून ज्याची बुद्धी बालपणातच थांबली, असा नंदू त्यात दिलीप प्रभावळकरांनी उभा केला. आम्ही तो पाहिला आणि थक्क झालो. पण थक्क झालो ते नटाच्या कसबाने. पडदा पडला की हा गृहस्थ मान सरळ करून शहाण्या माणसासारखा घरी जाणार, हे मनाच्या कोपऱ्यात ठाऊक असते, आणि त्या ठाऊक असण्याचा आधारही असतो. 'यलो'त तो आधार नाही. पंधरावीस मिनिटे झाली असतील, धाकटी एकदम उठली, टीव्हीजवळ गेली आणि म्हणाली, "माझ्यासारखी." हिने आजवर शेकडो सिनेमे पाहिले, कितीक नट्यांच्या नकला ती करते. पण आपल्यासारखे डोळे, आपल्यासारखे नाक पडद्यावर तिने प्रथमच पाहिले होते.

शिक्षक असल्यामुळे असेल, माझे लक्ष मात्र शिकवण्याकडे होते. चित्रपटाला दोनअडीच तासांत सारे उरकावे लागते. वर्षांची मेहनत थोड्या दृश्यांत बसवावी लागते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मला सारखी वडिलांची आठवण येत होती. आमचे वडील त्या चित्रपटातल्या बापासारखे नव्हते. ते बोलत कमी, पण घर सोडून कुठे गेले नाहीत की कुणाला जाऊ दिले नाही. धाकटीला त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून दुधाची पिशवी आणायला शिकवले. आधी हात धरून, मग चार पावले मागून, मग फाटकाशी उभे राहून, मग खिडकीतून. वर नोट कोणती द्यायची, सुटे किती परत घ्यायचे, हे निराळे. या एका धड्याला चौदा महिने लागले. शाळेत चाळीस मिनिटांत मी अपूर्णांकांची बेरीज उरकतो, आणि मुले शिकली असे समजून फळा पुसतो. धाकटी एकटी जाऊन दूध घेऊन आली, त्या सकाळी ती एकोणीस वर्षांची होती. वडिलांनी त्या दुधाचा चहा करायला लावला, दोन कप प्याले, आणि काही न बोलता कचेरीत गेले. ते गेल्याला आता बरीच वर्षे झाली. दूध अजून धाकटीच आणते.

चित्रपट संपला, पत्नीने दिवा लावला. आता आई काहीतरी म्हणणार, निदान डोळ्यांना पदर लावणार, असे मला वाटले होते. आई इतकेच म्हणाली, "बरं झालं हो, त्या पोरीला मामा होता."

मला हा चित्रपट खऱ्या अर्थाने समजला तो या वाक्याने. आपण म्हणतो, ही आईबापांची कथा. पण बाप मागे हटला आणि आई उंबऱ्याबाहेर पडली, तेव्हा दार उघडले ते तिसऱ्याच माणसाने. 'चौकट राजा'तही नंदूच्या आईला शेजारचा गणा आहे, आणि बालपणीची मैत्रीण पुन्हा भेटते. आमचा मामा मनाने वाईट नव्हता. पण दोन खोल्यांत सात माणसे, त्याच्याकडे जागा कुठली? आईला हे घर सोडण्याची वेळ आली नाही, पण तशी आली असती तर जायचे कुठे, हा हिशेब तिने कधीतरी मनाशी केला असला पाहिजे.

आणि आता तो हिशेब निराळ्या रूपाने पुढे आला आहे. अमेरिकेत 1983 साली डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाचे सरासरी आयुष्य पंचवीस वर्षांचे होते. आज ते साठच्या घरात आहे. या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात जन्मतः दोष असतो; त्यावर शस्त्रक्रिया होऊ लागल्या, पूर्वी संस्थांत टाकलेली मुले घरात वाढू लागली, आणि आयुष्ये लांबली. ही आनंदाचीच गोष्ट. पण पूर्वी आईबाप मुलाला पोचवून मग जात. आता मुले मागे राहतात. धाकटी अडतिशीची आहे, आई पंचाहत्तरीची.

मूल अठरा वर्षांचे झाले की आईबापांचे पालकत्व कायद्याने संपते, मग त्याची समज कितीही असो. म्हणून 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अशा प्रौढांसाठी पालक नेमण्याची सोय केली. अर्ज जिल्ह्यातल्या समितीकडे करायचा, आणि समितीवर प्रमुख असतात जिल्हाधिकारी. तो अर्ज आईने गेल्या पावसाळ्यात माझ्यापुढे ठेवला. "मी आहे तोवर करून टाक रे," म्हणाली.

मी पेन उघडले. पत्नी पलीकडे भाजी निवडीत होती. तिने मान वर न करता म्हटले, "सही तुमची, पण हात माझे लागणार आहेत." स्वरात राग नव्हता. धाकटीचे केस, धाकटीची औषधे, तिच्या महिन्याच्या अडचणी, हे सारे गेली कित्येक वर्षे तिच्याच हातून होत आले आहे. अर्जात तिच्या नावाला रकाना नव्हता. 'यलो'तल्या मामाकडेही असाच कागद आला असता, तर तोही असाच कुणाच्या तरी तोंडाकडे पाहत राहिला असता. मी पेन मिटले. पुढचे तीनचार रविवार आम्ही दोघे बोललो: पैशांविषयी, आमच्या मुलीविषयी, आणि आमच्याही पश्चात काय याविषयी, कारण मीही काही अमर नाही. शेवटच्या रविवारी पत्नीने अर्ज आपल्या हाताने भरला. तिचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे.

दिवाळीची सुट्टी संपली की आम्ही कलेक्टर कचेरीत जाणार आहोत. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वाची कल्पना आली आहे. पालकाने आणि त्या व्यक्तीने मिळून निर्णय घ्यावेत, असा तिचा आशय. मी हे आईला वाचून दाखवले, तेव्हा ती म्हणाली, "मग तिलाही न्या की. तिच्याबद्दलचंच बोलणं, आणि ती घरी?"

धाकटीला विचारले. तिने थोडा विचार करून होकार दिला. पण सकाळी दूध आणून झाल्यावर, असे बजावून.