अर्जुनी मोरगाव मोरगाव

भंडाऱ्याची ही शाळा आईची आणि माझीही. माजी विद्यार्थिनींची यादी वह्यांतून डेटाबेसमध्ये घेतली, तेव्हा तालुक्याच्या रकान्यात कुठे नुसतंच ‘अर्जुनी’ होतं, कुठे ‘अर्जुनी मोरगाव’. सगळं सारखं करायला मी रिप्लेस वापरलं. ते फक्त तुकडा शोधतं, आजूबाजूला काय लिहिलंय ते बघत नाही. बरोबर असलेल्या नोंदी ‘अर्जुनी मोरगाव मोरगाव’ झाल्या आणि ‘सडक अर्जुनी’ हा वेगळाच तालुका झाला ‘सडक अर्जुनी मोरगाव’! बॅकअप होता म्हणून निभावलं. मग अपडेटला व्हेअरची अट घातली: अख्खा रकाना ‘अर्जुनी’ एवढाच असेल, तरच बदल.

हात बसला तसा धीरही वाढला. 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्याच्या आठ तालुक्यांतल्या सगळ्या नोंदींत जिल्हा ‘गोंदिया’ केला. पत्त्यात, आणि जन्मस्थळातही.

आईने स्वतःची नोंद पाहिली. “मी झाली तवा गोंदिया जिल्हा कुठं होता वं?”

या वेळी कमिट झालं होतं, बॅकअप नव्हता. जन्मतारीख असलेल्यांचं एका क्वेरीत परत ‘भंडारा’ झालं. नसलेल्यांसाठी वह्या काढल्या. आई एकेक नाव वाचत होती, मी रकाना बदलत होते. मध्येच ती थांबायची, “ही गेली,” म्हणायची आणि पुढचं नाव वाचायची.