दहा सेकंदांचा विलंब

पुण्यांतील घरीं बसून दूरच्या एका संस्थेचें युनिक्स यंत्र सांभाळणें हा माझा व्यवसाय. गेल्या आषाढांत एका रात्रीं एसएसएच या सुरक्षित मार्गानें त्यांत प्रवेश करावयास दर वेळीं दहा-अकरा सेकंद लागूं लागले. संस्थेच्या पगाराचें काम तर त्याच रात्रीं उरकावयाचें होतें! वरच्या मजल्यावर दादांचीं मुलें सिनेमा पाहत होतीं; इंटरनेटचा ओघ तींच अडवितात असें ठरवून मी त्यांना नको तितकें बोललों. मुलें मुकाट्यानें उठलीं.

विलंब मात्र तसाच. पिंग केलें, तों उत्तर तत्काळ. आणि एकदां आंत शिरल्यावर अक्षरें बोटांबरोबर उमटत. लाइन मंद असती, तर तींही रखडलीं नसतीं का? ‘टॉप’ पाहिलें, तों यंत्रही निवांत. अडखळत होता तो केवळ उंबरठा. येणाऱ्याच्या अंकी पत्त्यावरून त्याचें नांव शोधण्याची चाल तेथील जुन्या ओपनएसएसएचमध्यें होती (२०१५ च्या ६.८ आवृत्तीपासून ती आपोआप चालत नाहीं). पण ज्या नेमसर्व्हरला हें विचारावयाचें, तोच बंद! पांच सेकंद वाट पाहावयाची, पुनः विचारावयाचें, पुनः पांच.

‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’मध्यें तो पत्ता मींच लिहिलेला. नेमसर्व्हर बंद होणार असल्याचें पत्रही आठ दिवसांपूर्वीं मलाच आलेलें.

पत्ता बदलला, दार क्षणांत उघडलें. वर गेलों, तों मुलें निजलेलीं. वहिनींजवळ चूक कबूल केली.

“मला कशाला, भाऊजी?” त्या म्हणाल्या, “सकाळीं त्यांना सांगा.”